डिफेंडरच्या कारकिर्दीवर लेख लिहायचा कसा? (दीप ग्रेस एक्का)

मधुरा_व

नमस्कार मंडळी. माझी भाची आठवीत आहे, शाळेच्या हॉकी संघात राइट बॅक (म्हणजे मागच्या फळीत उजव्या बाजूची बचावपटू, डिफेंडर) खेळते. शाळेच्या वार्षिक अंकासाठी प्रत्येकीने एका आंतरराष्ट्रीय खेळाडूच्या कारकिर्दीवर लेख लिहायचाय. बाकीच्या मुलींनी राणी रामपाल, वंदना कटारिया, सविता अशी नावं घेतली. हिने दीप ग्रेस एक्का घेतली, कारण "ती माझ्यासारखी मागे खेळते."

आम्ही दोघी माहिती गोळा करायला बसलो. जन्म ३ जून १९९४, गाव लुलकीडिही, जिल्हा सुंदरगड, ओडिशा. मोठा भाऊ दिनेश एक्का भारताचा गोलकीपर. रिओ आणि टोकियो अशी दोन ऑलिम्पिक, टोकियोत उपकर्णधार. २०२२ चा अर्जुन पुरस्कार. एवढं अर्ध्या तासात मिळालं आणि तिथेच गाडी अडली. वंदनावर लिहिणाऱ्या मुलीकडे दक्षिण आफ्रिकेविरुद्धची हॅटट्रिक आहे, राणीवर लिहिणारीकडे डझनभर गोल आहेत. हिच्याबद्दल जिथे बघावं तिथे "बचावफळीचा आधारस्तंभ" एवढं एक वाक्य आणि खाली पदकांची यादी. भाची मला म्हणाली, "मावशी, तिने मैदानात नेमकं काय केलं, हे कोणीच का लिहीत नाही?"

मला हॉकीतलं फारसं कळत नाही. डिफेंडरची कारकीर्द शब्दांत कशी मांडायची? कोणते सामने बघायचे, आणि बघताना कुठे बघायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

हेमंत_प

पदकांची यादी तुमच्याकडे आहे म्हणता, पण ती क्रमाने लावून घ्या म्हणजे वर्षांची गल्लत होणार नाही. २०१३ मध्ये जर्मनीतल्या मोन्शनग्लाडबाखला ज्युनिअर विश्वचषकात ब्राँझ, भारतीय मुलींचं त्या स्पर्धेतलं पहिलंच पदक. २०१४ ला इंचॉन आशियाई स्पर्धेत ब्राँझ. २०१६ ला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीचं सुवर्ण. २०१७ ला जपानमध्ये काकामिगाहाराला आशिया कप, अंतिम सामन्यात चीनला शूटआउटमध्ये (बरोबरीनंतर एकेकीने गोलकीपरसमोर गोल करायची फेरी) ५-४ हरवून. २०१८ ला जकार्ता आशियाई स्पर्धेत रौप्य. टोकियोत चौथा क्रमांक. २०२२ ला बर्मिंगहॅम राष्ट्रकुल ब्राँझ, महिला संघाला या स्पर्धेत १६ वर्षांनी मिळालेलं पदक, आणि डिसेंबरात व्हॅलेन्सियाला नेशन्स कप. २०२३ ला हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ब्राँझ.

दोनशेहून जास्त आंतरराष्ट्रीय सामने आहेत तिच्या नावावर. एवढी वर्षं संघातली जागा टिकवणं हीच मोठी गोष्ट आहे. बाकी मैदानातलं तंत्र इथले खेळलेले लोक सांगतीलच.

---

जुनी_फुलबॅक

मधुराताई, तुमच्या भाचीला माझा नमस्कार सांगा. मी विद्यापीठाच्या संघात फुल बॅक खेळले, आता शाळकरी मुलींना शिकवते. हिच्यासारख्या मुली दर वर्षी माझ्याकडे येतात. सामना जिंकला की फोटोत मधे फॉरवर्ड उभ्या असतात आणि या कडेला. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, चालवून घ्या.

डिफेंडरची कारकीर्द शोधायची असेल तर आपल्या संघाने केलेले गोल बाजूला ठेवा आणि खाल्लेले गोल बघा. हे आकडे सगळ्यांसमोर असतात, फक्त कोणी एका खाली एक लिहून काढत नाही. दीप ग्रेसच्या बाबतीत ते लिहून काढले की आपोआप गोष्ट तयार होते.

सुरुवात रिओपासून करा. ऑगस्ट २०१६. भारतीय महिला संघ १९८० च्या मॉस्कोनंतर थेट ३६ वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये खेळत होता. दीप ग्रेस २२ वर्षांची. पहिल्या सामन्यात जपानविरुद्ध ०-२ पिछाडीवरून २-२ बरोबरी साधली, सगळ्यांच्या आशा वाढल्या. मग ब्रिटनकडून ०-३, ऑस्ट्रेलियाकडून १-६, अमेरिकेकडून ०-३, अर्जेंटिनाकडून ०-५. पाच सामन्यांत १९ गोल खाल्ले, बारा संघांत बारावा क्रमांक. त्या वयात, त्या व्यासपीठावर, रोज सकाळी उठून पुन्हा त्याच डीमध्ये (गोलासमोरच्या अर्धवर्तुळात) उभं राहायचं. ज्या फॉरवर्डला गोल मिळत नाही ती निदान प्रयत्न करताना दिसते. डिफेंडर दिसते ती फक्त गोल झाल्यावर, जाळीतला चेंडू बाहेर काढताना.

आता २०१८ वर या. एप्रिलमध्ये गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ब्राँझसाठीच्या सामन्यात इंग्लंडने भारताला ६-० हरवलं. त्यानंतर प्रशिक्षक बदलले, हरेंद्र सिंग पुरुष संघाकडे गेले आणि श्योर्ड मरिन्ये महिलांकडे परत आले. जुलैत लंडनला विश्वचषक. पहिलाच सामना त्याच इंग्लंडशी, त्यांच्या घरच्या प्रेक्षकांसमोर. निकाल १-१. पुढे आयर्लंडकडून ०-१ हार, अमेरिकेशी १-१, इटलीवर ३-० विजय, आणि उपांत्यपूर्व फेरीत आयर्लंडशी ०-०, मग शूटआउटमध्ये पराभव. त्या पूर्ण विश्वचषकात निर्धारित वेळेत भारताने पाच सामन्यांत खाल्लेले गोल तीन. रिओत पाच सामन्यांत १९, लंडनमध्ये पाच सामन्यांत तीन. आणि दोन्हीकडे मागे उभ्या असलेल्या खेळाडूंमध्ये सुनीता लाक्रा आणि दीप ग्रेस होत्या. भाचीच्या लेखाचा गाभा मला विचाराल तर इथे आहे.

यानंतर नोव्हेंबर २०१९, भुवनेश्वरचं कलिंगा स्टेडियम. टोकियोची पात्रता, अमेरिकेविरुद्ध दोन सामने, दोन्हींचे गोल मिळवून जो पुढे तो ऑलिम्पिकला. पहिला सामना भारताने ५-१ जिंकला, सगळ्यांना वाटलं काम झालं. दुसऱ्या दिवशी मध्यंतराला अमेरिका ४-० पुढे! म्हणजे एकूण ५-५. दीप ग्रेसचं स्वतःचं राज्य, भरलेलं मैदान, आणि चार वर्षांची मेहनत अर्ध्या तासात वाहून चाललेली. पुढे ४८ व्या मिनिटाला राणीने गोल केला आणि भारत ६-५ ने गेला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या सामन्याचा निकाल १-४ आहे, म्हणजे मध्यंतरानंतर अमेरिकेला एकही गोल करता आला नाही. पहिल्या तीस मिनिटांत चार, दुसऱ्या तीस मिनिटांत शून्य. त्या तीस मिनिटांबद्दल मी कुठेही एक परिच्छेद वाचलेला नाही. राणीचा गोल मोठाच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण आणखी एक गोल गेला असता तर तोही पुरला नसता.

आणि मग टोकियो. इथे प्रामाणिकपणे लिहायला सांगा, कारण सुरुवात वाईट झाली होती. नेदरलँड्सशी मध्यंतरापर्यंत १-१ आणि शेवटी १-५. जर्मनीकडून ०-२, ब्रिटनकडून १-४. तीन सामने, ११ गोल. रिओसारखंच होणार असं टीव्हीसमोर बसलेल्या माझ्यासारख्या कितीतरी जणींना वाटलं असेल. चौथा सामना आयर्लंडशी, १-० विजय. पाचवा दक्षिण आफ्रिकेशी ४-३. मग २ ऑगस्ट २०२१, ऑस्ट्रेलिया. तीन वेळचे ऑलिम्पिक विजेते, गटातले पाचही सामने जिंकून आलेले. २२ व्या मिनिटाला आपल्या बॅक गुरजीत कौरने पेनल्टी कॉर्नरवर (डीमधल्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणारी संधी) गोल केला. राहिली ३८ मिनिटं. ऑस्ट्रेलियाला पेनल्टी कॉर्नरमागून पेनल्टी कॉर्नर मिळत गेले आणि एकही जाळीत गेला नाही.

हा सामना पूर्ण बघा, क्षणचित्रं बघू नका. क्षणचित्रांत आपल्या गोलकीपर सविताने अडवलेले फटके दिसतात. ते दिसायलाच हवेत, सविता अप्रतिम खेळली. पण तिच्यापर्यंत जे फटके पोचलेच नाहीत, ते क्षणचित्रांत येत नाहीत.

बघताना कुठे बघायचं तेही सांगते. चेंडू समोरच्या डीजवळ असताना कॅमेऱ्यात मागचा भाग दिसला, तर आपल्या बॅक हाताने काय दाखवतायत ते बघा. डिफेंडरचं निम्मं काम तोंडाने आणि हाताने होतं: कोणी कोणाला पकडायचं, कोणती पास वाट बंद करायची. दुसरं, समोरची फॉरवर्ड चेंडू घेऊन येते तेव्हा बॅक लगेच स्टिक घालते का थांबते? हॉकी स्टिकच्या एकाच सपाट बाजूने चेंडू खेळता येतो. त्यामुळे डिफेंडरची उजवीकडची बाजू मजबूत, डावीकडची कच्ची. चांगली डिफेंडर आपली डावी बाजू बंद करून अशी तिरकी उभी राहते की फॉरवर्डला हिच्या उजवीकडूनच जावं लागतं. तिथे फॉरवर्डची स्टिक उलटी येते. मग चेंडू स्टिकपासून हातभर सुटला की काढून घ्यायचा. याला आम्ही चॅनल करणं म्हणतो. घाईने स्टिक मारणारी मुलगी शूर दिसते, पण एकदा चुकली की मागे फक्त गोलकीपर.

तिसरं म्हणजे पेनल्टी कॉर्नर. गोलकीपरसकट पाचच जणी गोलरेषेमागे, बाकी सगळ्या मध्यरेषेपलीकडे. चेंडू आत आला की पाचांतली एक, जिला रशर म्हणतात, ती थेट फ्लिक मारणाऱ्या मुलीच्या अंगावर धावत जाते. तोंडाला मुखवटा, हातात मोजे, गुडघ्याला पॅड. गोलावर मारलेला ड्रॅग फ्लिक (स्टिकने ओढून भिरकावलेला चेंडू) कितीही उंच येऊ शकतो. भाचीला सांगा, प्रत्येक कॉर्नरला व्हिडिओ थांबवून आपल्या पाचजणी कुठे उभ्या आहेत, कोण कुठे धावते, दीप ग्रेसला कोणती वाट दिली आहे, हे वहीत काढ. चार-पाच कॉर्नर काढले की तिला जे कळेल ते मी इथे लिहून कळणार नाही.

---

राउरकेल्याचा_पाहुणा

फुलबॅकताईंनी मैदान सांगितलं, मी गाव सांगतो. पोलाद कारखान्यातल्या नोकरीमुळे माझी बरीच वर्षं राउरकेल्याला गेली. राउरकेला सुंदरगड जिल्ह्यातच येतं.

त्या भागात कापणी झाली की रिकाम्या शेतांत हॉकीच्या स्पर्धा सुरू होतात. बक्षीस म्हणून बोकड. तिकडे त्याला खस्सी म्हणतात आणि स्पर्धेलाही खस्सी टूर्नामेंट म्हणूनच ओळखतात. जिंकलेला संघ बोकड घेऊन गावी जातो आणि गाव जेवतं. मी बघितलेल्या सामन्यांत कितीतरी मुलं अनवाणी, स्टिक बांबूची किंवा घरीच तासलेली, आणि जमीन अशी की चेंडू कधी कुठे उसळेल सांगता येत नाही. म्हाताऱ्या बायका कडेला उभ्या राहून खेळाडूंना नावानिशी ओरडत असतात, आणि त्यांना खेळ कळतो.

आता एक गंमत बघा. या एका जिल्ह्यातून आलेले डिफेंडर मोजायला घ्या. दिलीप तिर्की, सौनामारा गावचे, फुल बॅक, १९९६, २००० आणि २००४ अशी तीन ऑलिम्पिक, चारशेहून जास्त सामने, आता हॉकी इंडियाचे अध्यक्ष. त्याच सौनामाराचा अमित रोहिदास, डिफेंडर. वीरेंद्र लाक्रा, डिफेंडर. लाझरस बार्ला, डिफेंडर. सुनीता लाक्रा, राजगांगपूरची, डिफेंडर. आणि दीप ग्रेस. शेजारच्या झारखंडात खुंटी जिल्हा. १९२८ ला ॲमस्टरडॅमला भारताचं पहिलं हॉकी सुवर्ण आलं तेव्हाचे कर्णधार जयपाल सिंग मुंडा खुंटीचे, तेही बॅकच. टोकियोत दीप ग्रेसच्या बरोबर खेळणारी निक्की प्रधान खुंटीतल्या हेसल गावची, ऑलिम्पिक खेळणारी झारखंडची पहिली महिला हॉकीपटू.

असं का, यावर तिकडे पुष्कळ चर्चा ऐकली. मला पटलेलं कारण असं की खडबडीत जमिनीवर चेंडू घेऊन पळण्यापेक्षा येणारा चेंडू अडवणं अवघड, आणि जो तिथे अडवायला शिकला त्याला टर्फवर (कृत्रिम गवताच्या सपाट मैदानावर) सोपं जातं. दुसरं, तिथल्या मुलांसमोर दिलीप तिर्कींचं उदाहरण होतं. आपल्याकडे पोरं बॅट घेऊन सचिन व्हायला निघायची, तिकडे फुल बॅक व्हायला निघायची.

रिओच्या महिला संघात सुंदरगडच्या चौघी होत्या: दीप ग्रेस, सुनीता लाक्रा, लिलिमा मिंझ आणि नमिता टोप्पो. एका जिल्ह्याच्या चौघी ऑलिम्पिक संघात! हे वाक्य लेखात जरूर घ्या. आणि तो आदिवासी भाग आहे, या मुली ओरांव, मुंडा, खडिया अशा समाजांतून येतात, हेही लिहायला सांगा. बऱ्याच बातम्यांत "गरीब घरची मुलगी" म्हणून संपवून टाकतात. गरिबी आहेच, पण त्याबरोबर कित्येक पिढ्यांचा खेळही आहे.

---

ऋत्विक_के

चर्चा छान चालली आहे, पण दोन शंका मांडतो.

एक, खाल्लेल्या गोलांचं श्रेय डिफेंडरला का? सविता होती म्हणून आकडे कमी झाले असं कोणी म्हटलं तर काय उत्तर आहे?

दोन, आजची डिफेंडर फक्त अडवत नाही. टोकियोतच बघा. गुरजीत बॅक आहे आणि तिने स्पर्धेत चार गोल केले, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तो एक, अर्जेंटिनाविरुद्ध एक आणि ब्राँझच्या सामन्यात दोन. उपांत्य फेरीत अर्जेंटिनाचे दोन्ही गोल नोएल बारियोनुएव्होने केले, तीही बॅक. ब्राँझच्या सामन्यात आपण ०-२ वरून ३-२ पुढे गेलो, मग ब्रिटनसाठी बरोबरीचा गोल हॉली पर्न-वेबने आणि विजयाचा ग्रेस बॉल्सडनने केला. दोघी डिफेंडर. त्या हॉली वेबनेच २०१६ ला रिओच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध शूटआउटमधला निर्णायक गोल मारून ब्रिटनला सुवर्ण दिलं होतं. मग दीप ग्रेस त्या रांगेत कुठे बसते? कौतुक करताना तुलनाही व्हायला हवी असं मला वाटतं.

---

जुनी_फुलबॅक

ऋत्विक, दोन्ही शंका रास्त आहेत.

आधी सविताबद्दल. रिओतही गोलमध्ये सविताच होती. १९ गोल खाल्ले तेव्हाही तीच आणि लंडनला तीन खाल्ले तेव्हाही तीच. तिचा खेळ त्या दोन वर्षांत खूप सुधारला, पण एकटी गोलकीपर एवढा फरक पाडत नाही. गोलकीपरला समोरून, मोकळ्या जागेतून मारलेला फटका अडवायचा आणि कडेच्या कोनातून, घाईत, एका पायावर मारलेला फटका अडवायचा, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कोणता फटका येऊ द्यायचा, हे ठरवणं बॅकच्या हातात असतं. आमच्या सरांनी आम्हाला सांगितलं होतं की गोल वाचवू नका, गोलकीपरला सोपा चेंडू द्या.

इथे दीप ग्रेसच्या घरची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. भाऊ दिनेश गोलकीपर, म्हणून लहानपणी तिलाही गोलकीपरच व्हायचं होतं. भावाने आणि घरच्यांनी तिला डिफेंडर व्हायला सांगितलं. ज्या मुलीने गोलकीपरच्या घरात खेळ शिकला, तिला मागे उभ्या असलेल्या माणसाला काय हवं असतं हे आतून ठाऊक असणार. हा माझा अंदाज आहे, पण सविता कर्णधार आणि दीप ग्रेस उपकर्णधार अशी जोडी पुढे वारंवार लागली, ती उगाच नव्हे. मधुराताई, ही भावाची गोष्ट तुमच्याकडे एका ओळीत आहे, ती लेखात नीट फुलवा.

आता तुलना. गुरजीत ड्रॅग फ्लिकर आहे. पेनल्टी कॉर्नर मिळाला की तिला पुढे जावं लागतं. फ्लिक अडवली गेली आणि चेंडू उलटला, की समोरच्या संघाच्या दोन-तीन वेगवान मुली आपल्या अर्ध्या मैदानात धावत सुटतात. त्या वेळी मागे कोण आहे? कोणीतरी मागे राहिल्याशिवाय कोणाला पुढे जाता येत नाही. प्रत्येक चांगल्या संघात बॅकच्या जोडीत एक जाणारी आणि एक राहणारी असते. राहणारीचं नाव स्कोअरशीटवर येत नाही, त्यामुळे ती जाणारीपेक्षा कमी ठरत नाही. दीप ग्रेसनेही काही गोल केलेत, पण तिला त्यावर तोलायचं म्हणजे यष्टिरक्षकाला शतकांवर तोलण्यासारखं आहे.

तरी एक मान्य करते. टोकियोत आठ सामन्यांत भारताने २० गोल खाल्ले. ते लंडनसारखं अभेद्य नव्हतं. ब्राँझच्या सामन्यात ३-२ पुढे असताना ती आघाडी मागच्या फळीला राखता आली नाही, आणि ते दुःख त्या सगळ्यांना आयुष्यभर असेल. लेखात हे टाळू नका. चौथ्या क्रमांकाचं कौतुक करताना लोक तो दुसरा अर्धा भाग वगळतात, पण डिफेंडरवर लिहिताना तो वगळला तर तिचा सन्मान होत नाही.

आणखी एक नाव लेखात यायलाच हवं, सुनीता लाक्रा. दीप ग्रेसच्या आधी दोन वर्षं, २००९ मध्ये संघात आली. २०१८ च्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीत कर्णधार होती. मग गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, पुन्हा त्रास सुरू झाला, आणि जानेवारी २०२० मध्ये, टोकियो तोंडावर आलेलं असताना, १३९ सामन्यांनंतर तिने निवृत्ती जाहीर केली. भुवनेश्वर आणि टोकियोत मागची फळी तिच्याशिवाय उभी राहिली. उदिता तर मुळात फॉरवर्ड होती, तिला मागे आणून तयार केलं. जोडीदारीण बदलली की बॅकला सगळं नव्याने बसवावं लागतं, कोण कधी पुढे जाणार, कोणाचा आवाज कधी येणार. २०१८ ते २०२१ या काळात दीप ग्रेसने हे करून दाखवलं. माझ्या मते तिचं सर्वांत मोठं काम हेच.

---

मधुरा_व

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून आमच्या घरात ऑस्ट्रेलियाचा सामना चालू आहे. भाचीने वहीत पेनल्टी कॉर्नर काढायला घेतले आहेत, पाच फुल्या आणि बाण. बोकडाची गोष्ट ऐकून ती एवढी खूश झाली की लेखाचं पहिलं पान तिथेच जाणार असं दिसतंय.

दोन प्रश्न तिने विचारायला सांगितलेत. महाराष्ट्रातली कोणी मुलगी भारताकडून बॅक खेळली आहे का? आणि फुलबॅक मावशींना (तिचाच शब्द) विचार, की चॅनल करताना फॉरवर्डला आपल्या उजवीकडे न्यायचं म्हणतात, पण आमच्या मॅडम म्हणतात साइडलाइनकडे न्यायचं. मग नक्की कुठे?

---

हेमंत_प

पहिल्याचं उत्तर देतो. सातारा जिल्ह्यातला फलटण तालुका बघा. वाखरीची अक्षता ढेकळे डिफेंडर आहे, भारताच्या वरिष्ठ संघातून खेळलेली. त्याच तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके. ती मधल्या फळीतही खेळते, पण २०२४ मध्ये राजगीरला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीचं सुवर्ण जिंकलेल्या संघात तिचं नाव डिफेंडरांत होतं. अंतिम सामन्यात चीनवर १-० विजय, म्हणजे फुलबॅकताईंच्या हिशेबाने बघण्यासारखाच सामना. अक्षता पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेली आहे. पुढच्या वर्षीच्या अंकासाठी विषय तयार आहे.

---

जुनी_फुलबॅक

हेमंतदादा, अगदी बरोबर. फलटणच्या मुलींवर कोणीतरी वेगळा धागा काढाच.

आता भाचीच्या प्रश्नाकडे. बाळा, तुझ्या मॅडम आणि मी, दोघी बरोबर सांगतोय. तू राइट बॅक आहेस. तुझी साइडलाइन तुझ्या उजव्या हाताला. म्हणजे फॉरवर्डला कडेला ढकलणं आणि तुझ्या मजबूत बाजूकडे ढकलणं या दोन्ही गोष्टी एकाच दिशेला आल्या. गोलाच्या बाजूचा खांदा बंद ठेव, तिला रेषेकडे धावू दे, बरोबर पळत राहा आणि चेंडू सुटला की घे. डीच्या आत मात्र स्टिक जमिनीला टेकलेलीच ठेव. उगारलेल्या स्टिकखालून चेंडू जातो किंवा तो पायाला लागतो, आणि पेनल्टी कॉर्नर मिळतो.

तुझ्या संघातल्या लेफ्ट बॅकची अडचण वेगळी आहे. तिची साइडलाइन तिच्या डावीकडे, कच्च्या बाजूला. फॉरवर्डला कडेला न्यावं तर उलट्या स्टिकने टॅकल करावं लागतं, आणि मजबूत बाजूला न्यावं तर ती मधे, गोलाकडे येते. म्हणून लेफ्ट बॅकला पाय जास्त लवकर हलवावे लागतात, आणि सेंटर हाफ (मधल्या फळीत मधोमध खेळणारी) मदतीला येतेय का हे बघून प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागतं. सरावात मॅडमना सांगून काही वेळ लेफ्ट बॅक खेळून बघ. त्यानंतर ऑस्ट्रेलियाचा सामना पुन्हा लाव आणि आपल्या डाव्या बाजूने त्यांचे हल्ले आले तेव्हा आपल्या मुलींनी काय निवडलं ते वहीत लिही. लेख छापून आला की इथे जरूर टाका, मधुराताई, माझ्या मुलींना वाचून दाखवायचा आहे.